शेजारचं ताट

सोळा नोव्हेंबर, रविवार. काम एकच: जावयांना जरीपटक्यातल्या एका भोजनालयात जेवायला न्यायचं आणि त्यांची मुलगी नागपुरात चांगलं, पोटभर आणि परवडेल असं जेवते आहे याची त्यांना खात्री पटवायची.

जावई म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. सावनेरजवळ खाप्याला त्यांची पिठाची चक्की आहे. माणूस सरळ, पण एकदा बोललेलं फिरवत नाही. मुलगी कॉलेजात असताना कुठल्याशा मेसचं जेवून तिला कावीळ झाली होती. तीन आठवडे ती खाटेवर होती आणि जावई चक्की बंद ठेवून दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून होते. म्हणून ऑक्टोबरात तिला जरीपटक्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी लागली, तेव्हा त्यांनी अट घातली. एक महिना. महिन्यानंतर मी येऊन तू काय खातेस ते स्वतः पाहीन, नाही पटलं तर सामान उचलायचं. सावनेरला काय लॅब नाहीत, हे त्यांचं म्हणणं. आहेत, पण मले तिथं कोणी बोलावून राहिलं नाही, हे भाचीचं.

ती माझ्याकडे राहू शकत नव्हती. लॅब सकाळी साडेसहाला उघडते, उपाशीपोटी रक्त देणाऱ्यांची रांग तेव्हाच लागते, आणि मी प्रताप नगरात, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिने लॅबजवळ एका सिंधी बाईंकडे खोली घेतली. खोली हवेशीर, पण गॅस ठेवायचा नाही. चहाची किटली चालेल. म्हणजे दोन्ही वेळचं जेवण बाहेर. ते कुठे, हे ठरवायचं काम बहिणीने माझ्यावर टाकलं आणि मला ते काम वाटलंसुद्धा नाही.

कारण या विषयात माझ्यापेक्षा जास्त कळणारं माणूस आमच्या ऑफिसात तरी नाही. पाण्याच्या खात्यात मी मीटर तपासणीचं बघते. बावीस वर्षं या शहराच्या गल्ल्या फिरते आहे, आणि दुपारचं जेवण जिथे भूक लागेल तिथे. माझी एक यादी आहे. आधी वहीत होती, मग कोणीतरी टाइप केली, आता ऑफिसच्या लोखंडी कपाटाला चिकटवलेली असते आणि नवीन माणूस बदलून आला की तो आधी तिचा फोटो काढून घेतो. तर्री-पोहे (तर्री म्हणजे पोह्यांवरचा हरभऱ्याचा तिखट रस्सा) कुठे खावे. पाटोडीचा रस्सा कुठे मिळतो आणि कुठे नुसतं तिखट पाणी मिळतं. सांबारवडी (इकडे सांबार म्हणजे कोथिंबीर) कोण हिवाळ्यातच करतं आणि कोण बाराही महिने करून नाव घालवतं. आपलं मटण आपण नेऊन दिलं तर कोणता सावजी खानावळवाला ते नीट शिजवून देतो आणि डब्यात तुकडे मोजून परत देतो. मडक्यावरच्या लांब पोळ्या कोणत्या बाईला आदल्या दिवशी सांगून ठेवाव्या लागतात. एकेचाळीस ठिकाणं.

माझी पद्धतही साधी आहे. पाटीकडे बघायचं नाही, गर्दीकडेही नाही. पाण्याचं बिल बघायचं. ज्या खानावळीत रोज दीडशे ताटं उठतात, तिला भांडी धुवायला किती पाणी लागेल याचा अंदाज मला आहे. तेवढं रीडिंग येत नसेल, तर ताटं टपातल्या एकाच पाण्यात बुचकळली जातात, हे समजायला स्वयंपाकघरात डोकावावं लागत नाही. दुसरं, जेवायला साडेअकराला जायचं नाही, तेव्हा सगळीकडेच ताजं असतं. अडीचला जायचं. आणि तिसरं, कुठे फुकट चहासुद्धा घ्यायचा नाही. हे मी बावीस वर्षं पाळलं आहे. पैसे देऊन जेवणारी मी साधी गिऱ्हाईक, असं मला वाटत होतं.

माझ्या आईची परीक्षा वेगळी होती. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, पण गाव काही त्या दिवसापासून बदललं नाही. लहानपणी तिला गावच्या हॉटेलात पाणी वरून ओंजळीत मिळायचं. पुढे नागपुरात आल्यावर बाहेर खायची वेळ आली की ती बाकावर बसून आधी पाणी कसं येतं ते बघायची आणि मग काय आहे ते विचारायची. मला लहानपणी त्याचा कंटाळा यायचा, भूक लागलेली असायची. नोकरी लागल्यावर मी ठरवलं की आईची पद्धत तिच्या काळापुरती होती. माझ्याकडे मीटर आहे.

तर भाचीसाठी मी जरीपटक्याच्या मोठ्या रस्त्यावरचं एक भोजनालय निवडलं. पाण्याचं रीडिंग भरपूर, स्टीलची ताटं लखलखीत, थाळी तिच्या पगारात बसणारी. मी स्वतः तिथे चार-पाच वेळा जेवले होते, तेही अडीचला, आणि फुगलेली गरम पोळी मिळाली होती. मी पैकीच्या पैकी मार्क दिले. मालकाला मात्र सांगितलं नाही की माझी भाची येणार आहे. ओळख सांगून जेवणं मला आवडत नाही.

महिनाभर मी फोन करायचे, ती म्हणायची, जेवली. मी खाप्याला फोन करून सांगायचे, जेवते, काळजी करू नका. शनिवारी संध्याकाळी मी तिला सांगायला फोन केला की उद्या दीड वाजता बाबांना घेऊन तिथेच यायचं. ती म्हणाली की ती तिथे फक्त चार दिवस जेवली. पाचव्या दिवसापासून दुसरीकडे जाते. कुठे, तर गॅरेजच्या बाजूला एक बाई बसतात, टिनाच्या शेडमध्ये.

टिनाच्या शेडमध्ये. मी तिला कावीळ आठवते का असं विचारलं. भोजनालयात काय वाईट होतं, तेही विचारलं. ताटं तर स्वच्छ आहेत ना?

"ताटं स्वच्छ हायेत. ताटात सकाळचं येते."

मी म्हटलं, मी खाल्लं आहे तिथे, मला माहीत आहे.

"मावशी, तुले गरम देतात वं. मले नाही."

मला राग आला. तिच्या बोलण्याचा नाही, तिच्या खात्रीचा. चोवीस वर्षांच्या पोरीने चार दिवसांत बावीस वर्षांचा अनुभव खोडून काढायचा, हे मला पटण्यासारखं नव्हतं. मीच म्हटलं, ठीक आहे, उद्या तू आणि बाबा आधी जाऊन बसा, थाळी मागवा. मी दहा मिनिटांनी येते. होऊन जाऊ दे.

"बाबासमोर नको वं," ती म्हणाली. "तू एकटी येऊन पाह्य कधी. बाबासमोर काहून?"

मी ऐकलं नाही. हे लिहून ठेवते, कारण या सगळ्यात ज्याला चूक म्हणता येईल ती हीच. नोकरी तिची होती आणि पैज मी लावली.

रविवारी मी दीडला पोचले, स्कूटर पानठेल्याजवळ लावली आणि घड्याळ बघून दहा मिनिटं उभी राहिले. मग आत गेले. ते दोघं भिंतीकडच्या टेबलावर होते. जावयांनी प्रवासाचा पांढरा शर्ट घातला होता. पुढ्यात ताट होतं आणि ते जेवत नव्हते. पोळी घडी केलेली होती, कडा वाळून वर वळलेल्या. वरणावर साय धरली होती. भाचीने एक घास घेऊन हात थांबवला होता. दोघांच्या मध्ये पाण्याचा एक जग होता आणि पेला एकच.

मालकाने मला दारातच बघितलं. गल्ला सोडून उठला. "या मॅडम, या या," म्हणत त्याने एका टेबलावर फडकं मारलं, आत ओरडून तवा ठेवायला सांगितलं आणि बाटलीबंद पाणी घेऊन आला. मी त्याला म्हटलं की मी यांच्याबरोबर आहे. तेव्हा त्याने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं, आणि अगदी सहज, काही झालंच नाही असं दाखवत, दोघांच्या पुढची ताटं उचलली. दोन मिनिटांत तीन नवी ताटं आली. वरणातून वाफ निघत होती. पोळ्या फुगलेल्या होत्या, वरून तूप.

जावयांनी त्या पोळीला बोट लावून बघितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पोळी तुमचीच वाट पाहून राहिली होती, ताई."

 मी मालकाला उचललेल्या ताटांसकट सगळ्याचे पैसे दिले. तो घेत नव्हता, मी टेबलावर ठेवले. न जेवताच बाहेर आल्यावर मला आई आठवली. इतकी वर्षं मी समजत होते की ती स्वतःच्या पेल्याकडे बघते. ती बाकावर बसून शेजारच्याला पाणी कसं दिलं ते बघायची, आणि मग आपल्याला कसं आलं ते. मी चार-पाच वेळा त्या भोजनालयात जेवले आणि एकदाही शेजारच्या टेबलावर नजर टाकली नाही. माझी पोळी गरम होती. तेवढ्यावर मी मार्क दिले.

जावई रस्त्याच्या कडेला उभे राहून मुलीला सांगत होते की खोलीवर जाऊ, किती सामान आहे ते बघू, गाडीवर मावेल. आवाज चढलेला नव्हता. त्यांनी ठरवलं होतं. भाची रडली नाही, तो तिचा स्वभाव नाही. ती म्हणाली की बाबा, तुम्ही मी काय खाते ते पाहायला आले होते. मी काय खाते ते अजून पाह्यलंच नाही.

मग जावई माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, जेवण तर तुमचं व्हायचंच आहे. चला.

गॅरेज दोन गल्ल्या आत होतं. बाजूला टिनाची शेड, दोन चुली, एक परात आणि पन्नाशीच्या एक बाई. शेजारी पळसाच्या पत्रावळींचा गठ्ठा. तिथली पद्धत अशी की पत्रावळ आपण उचलायची आणि उभं राहायचं. भाकर तव्यावरून उतरली की ज्याचा नंबर त्याच्या पत्रावळीवर. ओळख नाही, हाक नाही. आमच्या पुढे एक रिक्षावाला, एक दुकानातून सुटलेली मुलगी आणि गॅरेजमधले दोघं, ऑइलने काळ्या झालेल्या हातांत कागदाने पत्रावळ धरून. झुणका, वांग्याची भाजी, ठेचा, कांदा. भोजनालयाच्या थाळीच्या निम्म्या पैशांत.

सवयीने माझी नजर नळ शोधत होती. नळ गॅरेजचा होता, म्हणजे माझ्या रजिस्टरमध्ये ही बाई नव्हतीच. धुवायला ताटं नाहीत, तर पाणी किती लागणार? माझ्या पद्धतीने शोधलं असतं, तर ही शेड मला शंभर वर्षांत सापडली नसती. तरी मी पुढे होऊन पिण्याचं पाणी कुठलं ते विचारलं. बाईंनी मान वर केली नाही. घरून कॅन भरून आणते, फिल्टरचं आहे म्हणाल्या, आणि मग, "मागं सरका बाई, लाईनीत या."

मला कोणी मागे सरका म्हटल्याला बरीच वर्षं झाली होती. मी मागे सरकले. माझा नंबर शेवटचा होता.

जावयांच्या पत्रावळीवर भाकर पडली. त्यांनी जेवायला सुरुवात केली नाही. भाकरीचा तुकडा मोडला, नाकाशी नेला, मग दोन बोटांत चुरून बघितला. मी पाण्यावरून पारखते, तसे ते पिठावरून. ज्वारीचं पीठ फार दिवस पडून राहिलं की कडू होतं, हे मला त्यांच्याकडूनच कळलं आहे. भाची त्यांच्या बोटांकडे बघत उभी होती. तिची भाकर तशीच होती.

"पीठ कधीचं हाये?" त्यांनी विचारलं.

"कालच्या संध्याकाळचं. रोजचं रोज दळते." बाई भाकर थापत होत्या. "तुमाले काहून पायजे?"

"चक्की हाये माझी."

"मंग जाडं दळून देत असान."

गॅरेजवाले हसले. चक्कीवाला घाईत असला की जाडं दळतो, ही तक्रार घरोघरची आहे आणि जावयांना ती आयुष्यभर ऐकून घ्यावी लागली आहे. मला वाटलं आता ते चिडतील. त्यांनी तुकडा झुणक्यात बुडवून तोंडात टाकला, चावला, गिळला.

"जाडं नाही दळत मी," ते म्हणाले. "आणून दाखवतो तुमाले."

"कवा?"

"पुढल्या महिन्यात. येतो न पोरीले भेटाले."

बाईंनी पुढची भाकर तव्यावर टाकली. त्यांच्या दृष्टीने हे एका गिऱ्हाइकाचं बोलणं होतं, संपलं. भाचीने माझ्याकडे बघितलंही नाही. ती लगेच जेवायला लागली, भराभर, सकाळपासून उपाशी असल्यासारखी. जावयांनी दुसरी भाकर घेतली, मग तिसरी. सामानाचा विषय पुन्हा निघाला नाही.

मोटरसायकलवर बसताना त्यांनी मला एवढंच सांगितलं की त्या बाई पावसाळ्यात काय करतात ते आधी विचारून ठेवा, शेड गळत असेल तर पोट्टी उपाशी राहील. मी विचारते म्हटलं. भोजनालयाबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. भाची मात्र बोलली.

"किती नंबरवर होतं वं ते यादीत?"

"सात."

"मंग बाकीच्या चाळीसचं काय?"

प्रश्न रास्त होता. परत येताना स्कूटरवर मी तोच विचार करत होते. ज्या ज्या ठिकाणी मी मीटर तपासला, तिथेच मी जेवले. प्रत्येक गल्ल्यावरच्या माणसाला माझा चेहरा माहीत होता. फुकट चहा घेतला नाही, म्हणजे मी साधी गिऱ्हाईक झाले असं थोडंच आहे? पैसे मी दिले, पण ताट मॅडमचं आलं. आणि त्या यादीचा फोटो काढून ऑफिसात नव्याने आलेले लोक, त्यांच्या बायका, परगावाहून दवाखान्यासाठी आलेले त्यांचे नातेवाईक त्या त्या ठिकाणी जाऊन बसत होते, आणि त्यांना काय मिळत होतं हे मला माहीत नव्हतं.

यादी चुकीची आहे असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. एकेचाळीस ठिकाणी सगळेच लोक मला बघून वागत असतील, एवढं मोठं माझं खातं नाही. पण तपासून घ्यायला पाहिजे. मीटरवर शंका आली तर मीटर फेकत नाहीत, दुसरा जोडून पडताळतात. घरी आल्यावर मी कपाटातून भाचीने ठेवून दिलेला सुती स्कार्फ काढला. नागपुरातल्या मुली उन्हातान्हात गाडी चालवताना डोळ्यांखेरीज सगळं झाकून घेतात, तसा. मला तो कधी बांधता येत नाही. आरशासमोर तीनदा सोडून बांधला. स्वतःलाच मी ओळखू आले नाही, तेव्हा काढून दाराच्या खुंटीला लावला.

सोमवारी सकाळी सातला स्कार्फ बांधून, चष्मा बदलून निघाले. स्कूटर घेतली नाही, ती सगळ्यांच्या ओळखीची. यादीतला पहिला नंबर म्हणजे आमच्या प्रताप नगरातली तर्री-पोह्याची गाडी. बारा वर्षं मी तिथे खाते. गर्दीत मागे उभी राहिले, एक प्लेट म्हणून हिंदीत सांगितलं आणि पैसे पुढे केले. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. पोहे आले, वर तर्री, नेहमीपेक्षा निम्मी. म्हणजे बारा वर्षं मला जास्तीची मिळत होती तर.

मग मी शेजारच्या माणसाच्या प्लेटमध्ये बघितलं, चांगलं मान वळवून. तो शाळेच्या बसचा ड्रायव्हर असावा, खाकी शर्ट होता. त्याची तर्रीही तेवढीच होती. त्याच्या पलीकडच्याचीही. पोहे गरम होते, तिघांचे. तोंड भिंतीकडे करून स्कार्फ खाली ओढला आणि प्लेट संपवली. एक नंबर कायम ठेवला, आणि दोन नंबरकडे जायला रिक्षा थांबवली.